गोगलगायीच्या शंखातलं प्लॅटिनम

सिस्प्लॅटिन या कॅन्सरवरच्या औषधाचा पहिला डोस सुरू होण्याआधी पेशंटच्या हातात तपासण्यांची जी यादी पडते, तिच्यात रक्त असतं, क्रिएटिनिन असतं, आणि नातेवाइकांना हमखास बुचकळ्यात टाकणारी एक ओळ असते : ऑडिओमेट्री. आजार गालाचा नाहीतर जिभेचा, मग कान कशाला तपासायचे? विचारायला वेळ नसतो. पेशंट जाऊन त्या जाड दाराच्या, आतून खडबडीत अस्तर लावलेल्या लहानशा खोलीत बसतो. कानांवर हेडफोन आणि हातात बटण. बारीकसा ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंत एकेक सूर घेतात आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत हळू करत नेतात. शेवटी कागदावर आलेख निघतो. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. रेघ जितकी खाली घसरलेली, तितकं ऐकणं कमी.

हा पहिला आलेख फाइलला लावून ठेवणं फार मोलाचं असतं, कारण काही महिन्यांनी दुसरा काढला की दोघांतल्या फरकातून औषधाने कानाकडून किती वसुली केली ते कळतं. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरवर रेडिएशनच्या जोडीने देण्याचं सर्वांत भरवशाचं औषध आजही सिस्प्लॅटिन हेच आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्या कृपेने आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती असतात हे परळला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत एक सकाळ घालवली तरी समजतं. म्हणजे कॅन्सर आणि बहिरेपण हे दोन वेगळ्या मजल्यांवरचे विषय नव्हेत. नवी मुंबईत, जिथे कॅन्सरवर संशोधन करण्यासाठीच एक अख्खं आवार उभं आहे, तिथे तर नाहीतच.

आधी औषधाची गोष्ट सांगतो, कारण ती गमतीदार आहे. बार्नेट रोझेनबर्ग हा अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातला माणूस, मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. पेशी दुभंगताना तिच्या आत जे धागे ताणलेले दिसतात, त्यांची आकृती लोहचुंबकाभोवतीच्या रेषांसारखी दिसते असं त्याच्या मनात आलं. मग विजेच्या क्षेत्राचा पेशीच्या विभाजनावर परिणाम होतो का, हे पाहायला त्याने ई-कोलाय जिवाणूंच्या द्रवात दोन इलेक्ट्रोड सोडले. प्लॅटिनमचे घेतले, कारण प्लॅटिनम कशाशी अभिक्रिया करत नाही अशी समजूत. वीज सुरू केल्यावर जिवाणू वाढायचे, पण दुभंगायचे नाहीत. लांबच लांब दोरे होऊन बसायचे, नेहमीच्या लांबीच्या तीनशेपट. शोध घेता घेता लक्षात आलं की काम विजेचं नव्हतंच. इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम किंचित विरघळत होतं आणि त्यातून तयार झालेलं संयुग विभाजन रोखत होतं. हे १९६५ साली प्रसिद्ध झालं. ते संयुग तरी नवं कुठे होतं? १८४४ साली मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते करून ठेवलेलं होतं आणि सव्वाशे वर्षं कोणाला त्याचा उपयोग सुचला नव्हता.

१९७८ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. तरुण पुरुषांच्या वृषणाचा कॅन्सर, जो शरीरभर पसरला की माणूस गेलाच असं धरलं जाई, तो या औषधाने बरा होऊ लागला. प्लॅटिनमचा अणू पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतो, त्याच्या दोन जागा एकमेकींना जखडून टाकतो, आणि दुभंगायला निघालेली पेशी अडून मरते. ज्या पेशी सतत दुभंगत असतात त्यांना फटका जास्त, हे सरळ आहे. केस, आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारी मज्जा ही सगळी त्यात सापडतात आणि पुढे सावरतातही.

पण मग कान का? कानातल्या ज्या पेशी सिस्प्लॅटिनला बळी पडतात त्या तर जन्मल्यापासून एकदाही दुभंगत नाहीत.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी असलेली एक हाडाची नळी आहे. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि मधून जाणाऱ्या पडद्यावर केसपेशी रांगेने उभ्या असतात. आतली एक रांग साधारण साडेतीन हजारांची, बाहेरच्या तीन रांगा मिळून बाराएक हजारांच्या. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका. आवाजाने द्रव हलला की झुबका लवतो, पेशीत विद्युतभारित कण शिरतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. दोन्ही कानांच्या मिळून तीस हजारांच्या आसपास पेशी, आणि आयुष्यभराची शिल्लक एवढीच. गेलेली पेशी परत येत नाही. कोंबडीला येते, बरं का. पक्ष्यांच्या कानात केसपेशी नव्याने उगवतात हे १९८८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांनी ही सोय उत्क्रांतीच्या वाटेवर कुठेतरी गमावली.

या पेशींची मांडणी बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखी असते. शंखाच्या तोंडाशी तार सप्तक, आत टोकाला खर्ज. सिस्प्लॅटिन नुकसान करायला सुरुवात करतं ते तोंडाकडून, आणि तेही बाहेरच्या रांगांपासून. म्हणून पेशंटला सुरुवातीला काहीच कळत नाही. ‘ऐकू येतंय ना?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट ऐकू येतात. बोलण्याचा आवाज येतो, शब्द मात्र निसटतात. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत वसतात. मराठीत तर त्यात ‘चमचा’तला दंत्य च आणि ‘जहाजा’तला ज यांची भर आहे. जिभेचं टोक दातांमागे घासून निघणारी ती बारीक सळसळ. ‘सात’ म्हटलं की ‘आत’ ऐकू येतं. घरात चौघं बोलत असली, पंखा फिरत असला की माणूस नुसता हसून मान डोलावतो. घरच्यांना वाटतं, आजारपणाने माणूस घुमा झाला.

मोठ्या माणसाला शब्द आधीपासून माहीत असतात, तो अंदाजाने भरून काढतो. दोन वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. यकृताचा हिपॅटोब्लास्टोमा किंवा मेंदूचा मेड्युलोब्लास्टोमा झालेली मुलं ज्या वयात सिस्प्लॅटिन घेतात, ते भाषा शिकण्याचंच वय असतं. ज्या मुलाने ‘स’ कधी नीट ऐकलाच नाही ते तो उच्चारणार कसा? जीव वाचला हे खरं, पण शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलाचा हिशेब कॅन्सरच्या आकडेवारीत कुठेच येत नाही. माझ्या मते औषधाच्या यशाची मोजणी तिथेच कच्ची राहते.

आता प्रयोगशाळेकडे येऊ. महाराष्ट्रात पेशी बाटलीत वाढवून कॅन्सर समजून घ्यायची परंपरा एका बाईंनी घातली, आणि त्यांनी उभी केलेली एक संस्था आज वाशीत आहे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं आणि तिला डॉक्टरच्याच घरात द्यावं अशी त्यांची इच्छा. मुलगी गेली वनस्पतिशास्त्राकडे आणि लग्न केलं ते जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली. कॅन्सर संशोधकाची सुरुवात सीताफळापासून व्हावी यात विचित्र काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुभंगताना पाहायची, गुणसूत्रं मोजायची, बिघाड हेरायचा, ही सवय झाडावर लागो नाहीतर उंदरावर, एकच.

लग्नानंतर मुंबईला आल्यावर त्या टाटा मेमोरियलमध्ये काम करू लागल्या. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे ते अध्वर्यू. त्यांच्या हाताखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली आणि मग फेलोशिप घेऊन त्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. ज्यांनी हेला पेशींची कथा ऐकली असेल त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधल्या पेशी गाय यांच्याच प्रयोगशाळेत बाटलीत जगल्या, आणि आजतागायत जगभर दुभंगत आहेत. माणसाच्या पेशी शरीराबाहेर कायमच्या वाढवणं तोवर कोणाला जमलेलं नव्हतं.

ही विद्या शिकून रणदिवे परत आल्या. खानोलकरांनी १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू केलं, आणि तिथे रणदिवे यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्या काळात हे काम किती किचकट होतं याची आज कल्पना येत नाही. पेशींना लागणारं खाद्य तयार पाकिटात मिळत नव्हतं. एक बुरशीचा कण बाटलीत पडला की कित्येक आठवड्यांची मेहनत मोरीत. अशा परिस्थितीत त्यांनी उंदरांमधल्या स्तनांच्या कॅन्सरवर काम केलं. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा मुख्य प्रश्न. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही त्यांच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि पुढे त्यातून लस विकसित झाली. १९६६ ते १९७० या काळात संस्थेचं संचालकपदही त्यांनी सांभाळलं. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या आरामखुर्चीत बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरात आदिवासी बायका-मुलांच्या आरोग्यावर आणि पोषणावर काम करत राहिल्या.

पण त्यांच्या कारकिर्दीतलं मला सगळ्यात व्यवहारी वाटणारं काम वेगळंच आहे. १९७३ साली त्यांनी सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. तिचं मुख्यालय वाशीला. या संस्थेने परिसंवाद घेतले, व्याख्यानं घेतली, ते सगळ्याच संस्था घेतात. हिने पाळणाघर काढलं आणि नोकरदार बायकांसाठी वसतिगृह काढलं. ज्या बाईने बाटलीतल्या पेशींना वेळेवर खाद्य घालण्यात आयुष्य घालवलं तिला पक्कं ठाऊक असणार की पेशी रविवार पाळत नाहीत, आणि संध्याकाळी सात वाजता इन्क्युबेटर उघडायचं तर पोर कोणाकडे तरी ठेवावं लागतं. बायकांच्या शास्त्रीय कारकिर्दी बुद्धीअभावी अडत नाहीत, असल्याच साध्या गोष्टींपायी अडतात.

परळची ती संशोधन संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि २००२ साली खाडी ओलांडून खारघरला आली. ॲक्ट्रेक या नावाने लोक तिला ओळखतात. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतलं साठ एकरांचं आवार, मागे डोंगर, पावसाळ्यात त्या डोंगरावरून उतरणारे पांढरे ओहोळ. एका बाजूला हॉस्पिटल, एका बाजूला प्रयोगशाळा. आयआयटी मुंबईबरोबर विकसित केलेली देशी कार-टी, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची, उपचारपद्धती जून २०२१ मध्ये इथेच पहिल्यांदा पेशंटला दिली गेली. प्रोटॉन किरणोपचाराचं यंत्रही इथेच आहे, आणि त्याचा कानाशी थेट संबंध आहे : प्रोटॉनचा झोत ठरलेल्या खोलीवर थांबतो, म्हणून मुलाच्या मेंदूतल्या गाठीवर मारा करताना आतल्या कानाला बसणारी झळ कमी करता येते.

इथे संशोधक व्हायचं तर रस्ता ठरलेला आहे. एम.एस्सी. करायचं, राष्ट्रीय पातळीवरची फेलोशिपची परीक्षा द्यायची, मुलाखतीतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) व्हायचं आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या पीएच.डी.साठी नोंदणी करायची. मग पाच-सहा वर्षं एका प्रथिनाच्या मागे. लोकलमध्ये कोणी ‘काय करतेस?’ विचारलं आणि ‘कॅन्सरवर रिसर्च’ असं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग औषध सापडलं का?’

या रस्त्यावर कॅन्सरवाला संशोधक कानाकडे कसा वळतो, हे पाहण्यासारखं आहे. बहुतेक वेळा तो मुद्दाम वळत नाही, पेशीच त्याला तिकडे घेऊन जाते. कॅन्सरची पेशी थांबायचं नाव घेत नाही, केसपेशी दुभंगायचं नाव घेत नाही. दोन्हींच्या मुळाशी तेच ब्रेक आहेत. पी-२७ नावाचं एक प्रथिन पेशीचं विभाजन रोखतं. कित्येक कॅन्सरांमध्ये ते कमी पडलेलं आढळतं. १९९९ साली त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे कान तपासले गेले, तर केसपेशी गरजेपेक्षा जास्त झालेल्या, आणि उंदीर बहिरे! जास्त पेशी म्हणजे जास्त ऐकू येणं नव्हे, रांग बिघडली की सगळंच बिघडतं. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरमुळे सापडलेलं आरबी जनुक हेही असंच ब्रेकचं. २००५ साली उंदरांच्या कानात ते बंद केलं तेव्हा केसपेशी पुन्हा दुभंगू लागल्या. सगळे हरखले. पण त्या पेशी पुढे टिकल्या नाहीत. ब्रेक काढायचा, पेशी वाढवायची आणि वेळेवर ब्रेक परत लावायचा, नाहीतर कानात गाठ उठायची. हा तोल अजून कोणाला साधलेला नाही.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. नेदरलँड्समधल्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच बहिरेपण येई, वरच्या पट्टीपासून सुरू होणारं. १९९८ साली त्याचं जनुक सापडलं आणि त्याला डीएफएनए-५ असं रुक्ष नाव मिळालं. ते प्रथिन नेमकं करतं काय, ते कोणाला कळेना. इकडे कॅन्सरवाले स्वतःच्या कामात होते. त्यांना जठराच्या आणि इतर गाठींमध्ये एक जनुक गप्प करून ठेवलेलं आढळत होतं. तेच हे! २०१७ साली चीनमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने कोडं सोडवलं. केमोथेरपीने पेशीच्या मरणाची आज्ञा निघाली की हे प्रथिन कापलं जातं, त्याचा तुकडा पेशीच्या आवरणाला भोकं पाडतो आणि पेशी फुटते. मग प्रतिकारशक्तीला वर्दी जाते. गाठीच्या दृष्टीने हे जनुक शत्रू, म्हणून ती त्याचा आवाज बंद करते. त्या डच घराण्यात जनुकातल्या बदलामुळे प्रथिनाचा धारदार भाग मोकळाच राहिला आणि केसपेशी अकारण मरू लागल्या. बहिरेपणाच्या विभागात नोंदलेलं जनुक वीस वर्षांनी कॅन्सरच्या पहिल्या पानावर आलं. संशोधनाला पैसे देताना ‘याचा तुमच्या मुख्य विषयाशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्या समित्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी.

प्लॅटिनमचं मात्र काय होतं? २०१७ सालीच अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांच्या आणि मृत्यूनंतर मिळालेल्या माणसांच्या कानांत प्लॅटिनम मोजलं. शरीराच्या इतर भागांतून ते काही दिवसांत-आठवड्यांत निघून जातं. शंखात ते महिनोन्‌महिने, माणसात वर्षानुवर्षं, अडकून राहतं. औषध थांबल्यावरही काहींचं ऐकणं कमी होत जातं, त्याचं कारण इथे असावं.

कान वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे औषध कमी द्यावं, असं कोणालाही वाटेल. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ३०० पेशंटांत एका गटाला दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम, दुसऱ्याला दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम असं सिस्प्लॅटिन दिलं. मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला. २०१८ साली निकाल आला. दोन वर्षांनंतर त्या जागेवर आजार आटोक्यात असलेले पेशंट पहिल्या गटात ५८.५ टक्के, दुसऱ्यात ७३.१ टक्के. गंभीर दुष्परिणाम मात्र पहिल्यात ७१.६ टक्के आणि दुसऱ्यात ८४.६ टक्के पेशंटांना. म्हणजे सौम्य डोसचं सुख महाग पडलं. आणि ज्यांना मूत्रपिंडामुळे किंवा आधीच कमी ऐकू येत असल्यामुळे सिस्प्लॅटिन देताच येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी याच डॉक्टरांनी रेडिएशनबरोबर डोसेटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन पाहिलं. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी ४१.७ टक्के जिवंत होते, डोसेटॅक्सेलसह ५०.८ टक्के. हे २०२३ साली छापून आलं आणि आज कान कमजोर असलेल्या पेशंटला सांगायला डॉक्टरांकडे काहीतरी ठोस आहे.

तिसरा मार्ग म्हणजे पूर्ण डोस देऊन कानाला ढाल देणं. फोटो स्वतः धुणाऱ्या जुन्या मंडळींना ‘हायपो’ आठवत असेल. तेच सोडियम थायोसल्फेट. ते प्लॅटिनमला पकडून निकामी करतं. पण गाठीतल्या प्लॅटिनमलाही त्याने निकामी केलं तर? म्हणून ते सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी शिरेतून देतात, तोवर गाठीतलं काम होऊन गेलेलं असतं. यकृताच्या कॅन्सरच्या मुलांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत थायोसल्फेट न मिळालेल्यांपैकी ६३ टक्क्यांचं ऐकणं कमी झालं, मिळालेल्यांपैकी ३३ टक्क्यांचं. आणि जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही फक्त मुलांसाठी आणि आजार पसरलेला नसेल तरच. कारण दुसऱ्या एका चाचणीत, पसरलेल्या कॅन्सरच्या मुलांमध्ये, थायोसल्फेट घेतलेल्यांचं जगण्याचं प्रमाण कमी दिसलं होतं.

मोठ्यांसाठी, म्हणजे आपल्या ओपीडीतल्या मिश्रीवाल्या आजी आणि गुटखेवाल्या पस्तिशीतल्या ड्रायव्हरसाठी, अशी मान्यताप्राप्त ढाल अजून नाही. त्यांना सिस्प्लॅटिनबरोबर मानेवर रेडिएशनही असतं, आणि त्या किरणांची झळ कधीकधी कानापर्यंत पोचते. दुहेरी मार. त्यामुळे तूर्त हातात आहे तो पहिला आलेख. डोस सुरू होण्याआधी ऑडिओमेट्री झाली का, हे नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही. कानात शिट्टी वाजल्यासारखं किंवा रातकिडे ओरडल्यासारखं वाटायला लागलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी बसू नये, पुढच्या डोसआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. डोस बदलायचा की औषध, याचा निर्णय तेव्हाच घेता येतो. उपचार संपल्यावरही वर्ष-दोन वर्षं आलेख काढत राहावं, आणि रेघ घसरलेली दिसली तर श्रवणयंत्राला लाजू नये. वांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग संस्था १९८३ पासून नेमकं हेच काम करते आहे.